उजवीकडचा काळा पट्टा

माझ्या मामाने बत्तीस वर्षं न हलण्याची नोकरी केली. हे सांगितलं की लोक हसतात आणि विचारतात, "सरकारी का?" नाही, खासगी. आणि तिथे न हलणं हे काम होतं, सवय नव्हती.

कारखाना होलोग्रामचा. औषधाच्या खोक्यावर, इंजिन ऑइलच्या डब्यावर, बँकेच्या कार्डावर, गुणपत्रिकेवर ती जी चकचकीत टिकली असते, जरा कलती केली की रंग बदलणारी, ती तिथे व्हायची. आपण तिच्याकडे बघतो, 'चमकतंय' म्हणतो आणि समाधानाने खोकं उघडतो. चमकतं तर चॉकलेटचं वेष्टनही, पण एवढा विचार करायला वेळ कोणाला आहे! मी स्वतः तर मुळीच केला नाही, आणि त्याची फळं पुढे सव्वा वर्ष चघळली.

मामाचं काम या टिकलीचा पहिला ठसा तयार करण्याचं. त्या ठशावरून धातूचा साचा बनायचा आणि साच्यावरून यंत्र धडाधड लाखो टिकल्या छापायचं. वर यंत्राजवळ बारा माणसं आणि कान किटवणारा गोंगाट. खाली तळघरात मामा एकटा. खिडकी नाही, भिंती काळ्या, मध्ये एक अवाढव्य दगडी टेबल. बाहेरून ट्रक गेला तरी त्याला धक्का लागू नये म्हणून ते हवेच्या उशांवर तोललेलं होतं. दारावर लाल दिवा. तो लागला की जवळपास कोणी पाय आपटायचा नाही, दार ढकलायचं नाही, शिंक आली तर ती घेऊन अंगणात जायचं. मामा दिवा लावून स्टुलावर बसायचा आणि वीस मिनिटं नुसता थांबायचा. खोलीतली हवा निवळायला हवी, त्याच्या चालण्याने बसलेले हादरे विरायला हवेत. मग बटण दाबून लेझरची झडप काही सेकंद उघडायची आणि मिटायची. एवढ्यासाठी वीस मिनिटं. कारखान्यात त्याला 'पुतळा' म्हणायचे. ही आपली स्तुती आहे असं तो शेवटपर्यंत समजत होता.

घरीही तेच. दुधाच्या पातेल्याचं झाकण पडलं तरी मामा डोळे मिटून घ्यायचा, जणू त्याच्या छातीतच काही फुटलं. मामी म्हणायची, "यांच्याशी लग्न करून एकच फायदा झाला. फर्निचर पुसताना यांनाही पुसून घेता येतं." मामा यावरही हलायचा नाही.

माझे वडील मी सहा वर्षांची असताना गेले. आई आणि मी मामाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचो. तेव्हापासून आमच्या घरात नवा पंखा आला काय किंवा माझी शाळा बदलली काय, आधी मामाच्या नजरेखालून जायचं. आई म्हणायची, "दादा एकदा हो म्हणाला की माझा जीव भांड्यात पडतो." दादाने कधी काही चुकीचं ठरवलं असेल असं तिच्या डोक्यातही आलं नाही. माझ्या आलं होतं, पण लहान मुलांना विचारतो कोण.

मी नऊ वर्षांची असताना मामाने मला एक काच दाखवली. पोस्टकार्डाएवढी, साधी, जरा मळकट. त्याने टॉर्च विशिष्ट कोनात धरला आणि काचेच्या मागे हवेत एक किल्ली उभी राहिली. खरी, जाडीसकट. मान डावीकडे नेली की किल्लीची डावी कड दिसायची, उजवीकडे नेली की उजवी. मी पटकन काचेमागे हात घातला. हाताला काही लागलं नाही.

"फोटो काय करतो?" मामा म्हणाला. "किती उजेड आला तेवढंच लिहून घेतो. कुठून आला ते लिहीत नाही. ही काच दोन्ही लिहिते."

"कसं काय?"

त्याने बादलीत पाणी घेतलं, निवळू दिलं (अर्थातच) आणि दोन खडे टाकले. दोन्हीकडून वर्तुळं निघाली, एकमेकांत घुसली आणि मध्ये जाळी उमटली. लेझरचा एक किरण सरळ काचेवर पाडायचा, दुसरा किल्लीवर आपटून काचेवर येऊ द्यायचा. दोघं भेटले की काचेवर तशीच जाळी उमटते, फक्त डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक. काचेवर किल्ली नसतेच, नुसत्या रेघा असतात. नंतर त्यांच्यावर उजेड पाडला की तो खऱ्या किल्लीवरून आल्यासारखा वळतो आणि आपले डोळे फसतात.

"म्हणून हलायचं नाही," मामा म्हणाला. "केसाचे हजार उभे भाग कर. त्यातल्या एकदोन भागांइतकं जरी कोणी हललं तरी जाळी पुसली. फोटोत हललेला माणूस निदान पुसट तरी येतो. इथे येतच नाही. तिथे काळं होतं."

मी काच हातात घेतली आणि पाडली. आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. मामा मात्र खाली बसला, एकेक तुकडा टॉर्चसमोर धरत गेला. प्रत्येक तुकड्यात अख्खी किल्ली होती, फक्त बघायची खिडकी लहान झाली होती. "सात झाल्या," तो खुशीत म्हणाला. मामाला इतकं खूश मी त्यानंतर एकदाच पाहिलं, आणि तेव्हा तसं पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

आता मुंगीचं सांगते. विद्यापीठाने पदवीच्या प्रमाणपत्रांसाठी टिकली मागवली होती: दिवा आणि उघडं पुस्तक. मामाने अंगठ्याएवढं पुस्तक आणि नखाएवढा दिवा प्लॅस्टरमधून कोरून घेतला. अशा टिकलीत एक गुप्त खूण ठेवायची पद्धत असते, नक्कल करणाऱ्याला कळू नये अशी. इतर कंपन्या बारीक अक्षरं घालतात. मामाने पुस्तकाच्या डाव्या पुठ्ठ्याआड एक खरी मुंगी चिकटवली. मेलेली, कारण जिवंत मुंगी हलते. टिकली डावीकडे कलवून भिंगातून पाहिली तरच ती दिसायची. ही गोष्ट फक्त मामाला आणि त्याच्या साहेबांना ठाऊक होती, म्हणजे मामाला, साहेबांना, मामीला, आईला आणि मला.

या साहेबांचीही ओळख करून द्यायला हवी. त्यांच्या बुटांना टाचेखाली लोखंडी नाल होती आणि लाल दिवा इतरांसाठी असतो अशी त्यांची समजूत होती. दिवा-पुस्तकाचा पहिला ठसा घेत असताना झडप उघडली आणि नेमके साहेब दाराबाहेरून टाकटाक करत गेले. ठसा वाया गेला. मामाने पुन्हा वीस मिनिटं बसून दुसरा घेतला. आमच्याकडे हा किस्सा इतक्यांदा सांगितला गेला की शेजारच्या बाईसुद्धा साहेबांना 'नालवाले' म्हणायच्या.

मी सव्वीसची झाले आणि एक स्थळ आलं. मुलगा दंतवैद्य, स्वतःचा दवाखाना. देखणा होता, हे मान्य करते. हसला की खोलीत दिवा लागल्यासारखं वाटायचं. दातांचं दुकान मालकाने तोंडातच मांडलं होतं. आईला सगळं पसंत होतं, फक्त दादाचं 'हो' बाकी होतं. मुलगा पहिल्याच भेटीत प्रमाणपत्र घेऊन आला, फ्रेममधून काढून. "मामा त्यातले जाणकार आहेत असं ऐकलं," तो नम्रपणे म्हणाला. "तपासून घ्या. माझा आग्रह आहे." किती हा प्रामाणिकपणा! आम्ही सगळे विरघळलो.

मामाने टेबलावरचा दिवा ओढला, भिंग डोळ्याला लावलं आणि प्रमाणपत्र डावीकडे कलवलं. बराच वेळ हलला नाही. मग त्याने भिंग काढलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"माझं आहे," तो म्हणाला. "माझ्या हातचं आहे. शंभर टक्के खरं."

त्याने ते प्रमाणपत्र मामीला दाखवलं, आईला दाखवलं, मुलाच्या वडिलांनाही. मुंगीबद्दल काही बोलला नाही, पण चेहरा मात्र नातू झाल्यासारखा फुलला होता. आईने लगेच तोंड गोड करायला साखर आणली. टिकली तपासली, मुलगा पास झाला. मुलाला कोणी एक प्रश्न विचारला असेल तर शपथ.

लग्नात सासरच्यांनी मोठी हौस केली. व्यासपीठावर त्यांचे वारलेले आजोबा उजेडाचे होऊन अवतरले आणि हात वर करून आम्हाला आशीर्वाद देऊ लागले. सभागृह थक्क. सूत्रधार ओरडला, "थेट होलोग्राम!" मामा माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "कसला होलोग्राम! तिरकी काच उभी केली आहे, खाली पडद्यावर चित्रफीत चालू आहे. नुसतं प्रतिबिंब. लोक कशालाही होलोग्राम म्हणतात." मामाचा संताप खरा होता. खोटे आजोबा त्याने तीन सेकंदांत ओळखले. नातू शेजारीच उभा होता.

लग्नानंतर मी दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसू लागले. रुग्णांची नावं लिहायची, वेळा द्यायच्या. माझ्या डोक्यावर ते प्रमाणपत्र भिंतीवर झळकत असायचं. रुग्ण बसल्या बसल्या टिकलीकडे बघत आणि निर्धास्त होत. दर दोन दिवसांनी कोणीतरी सुजलेला गाल घेऊन परत यायचं. आमचे दंतवैद्य म्हणायचे, "हाडच नाजूक आहे यांचं." हाडं फार नाजूक होती त्या भागातली.

मग मामाची दाढ दुखायला लागली. वर, उजवीकडे. मामा खुर्चीत बसला आणि अर्थातच हलला नाही. आमच्या दंतवैद्यांनी अर्धा तास झटापट करून एक दात उपटला. दाढेच्या पुढचा, चांगला, ठणठणीत, हसताना दिसणारा. दाढ जागच्या जागी राहिली आणि दुखत राहिली. मामी भडकली, "अहो, शेजारचा काढला त्याने!" मामा गालाला कापूस धरून म्हणाला, "असेल काही शास्त्रीय कारण. मी स्वतः बघितलंय त्याचं प्रमाणपत्र."

मला कळलं ते मात्र प्रेमापोटी. यावर हसायला परवानगी आहे. नवऱ्याच्या वाढदिवसाला कॉलेजचे जुने मित्र बोलवावेत, त्याला चकित करावं, म्हणून मी कॉलेजला फोन करून त्याच्या वर्गाची यादी मागितली. तिथल्या बाईंनी यादी वाचली. त्यात तो नव्हता. मागचं वर्ष वाचलं, पुढचं वाचलं. नव्हता. चकित व्हायचं ते मी झाले.

त्याला विचारलं तर तो हसला, तेच हसू. "विद्यापीठाच्या दफ्तरखान्यात पाणी गळलं होतं, कितीतरी वह्या भिजल्या. माझं नाव त्यातच गेलं." पाणी गळलं होतं हे खरं निघालं. "कॉलेजकडे नाव का नाही?" "त्यांची यादी अर्धवट आहे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "भिंतीवर बघ. तुझ्या मामानेच खरं म्हटलंय ना?"

त्या दिवशी मी पिशवी भरली आणि आईकडे गेले. दुसऱ्या दिवशी दंतवैद्यांच्या परिषदेकडे तक्रार केली.

परिषदेने चौकशी लावली. विद्यापीठाच्या वह्या भिजलेल्या, आणि विद्यापीठाचंच परिपत्रक होतं की ज्यावर होलोग्राम आहे ते प्रमाणपत्र अस्सल समजावं. म्हणजे सगळं त्या टिकलीवर येऊन ठेपलं. टिकली खरी ठरली तर तो दंतवैद्य, पुन्हा लोकांचे दात उपटायला मोकळा. आणि मी? नवऱ्यावर खोटा आळ घेणारी बायको. त्याच्या वकिलाची नोटीस तयारच होती. सासरचे आईला सांगून गेले होते, "टिकली खरी निघाली की तिला माफी मागून परत यावं लागेल." आई रडत होती आणि शेजारच्या बाई दाराआडून सहानुभूती गोळा करत होत्या.

आता कडी बघा. साक्षीदार म्हणून मामाला त्यानेच बोलावलं. "ज्यांनी होलोग्राम बनवला, त्यांनीच लग्नाआधी तपासून खरा म्हटलाय," असं लिहून.

साक्षीच्या आदल्या दुपारी नालवाले साहेब मामाच्या घरी आले. मीही तिथेच होते. त्यांनी पहिल्यांदाच बूट बाहेर काढले, यावरून प्रकरण किती नाजूक आहे ते कळावं.

"एकच शब्द बोलायचा," साहेब म्हणाले. "नक्कल. कोणीतरी आपल्या टिकलीची नक्कल केली. तुमची भाची सुटली, कंपनी सुटली, तुम्हीही दोन वर्षांनी मानाने निवृत्त व्हाल. आपली खरी टिकली बाहेर गेली असं उद्या जगाला कळलं, तर विद्यापीठ जाईल, औषधवाले जातील, बँका जातील. मग वर यंत्रावरच्या त्या बारा जणांनी कुठे जायचं?"

साहेब गेले. आयुष्यात पहिल्यांदा मला साहेबांचं म्हणणं पटलं होतं.

"मामा, म्हण ना नक्कल," मी म्हणाले. "तुझं काय जातं?"

"मुंगी आहे त्यात," मामा म्हणाला.

"कोणाला माहीत आहे मुंगी?"

"मला."

माझा तोल गेला. "बत्तीस वर्षं गप्प बसून काढलीस. माझ्या लग्नात बोललास ते चुकीचं बोललास. आता एकदा बरोबर खोटं बोल की! एका मेलेल्या मुंगीसाठी मला त्याच्या घरी परत पाठवणार आहेस?"

मामा हलला नाही. मी दार आपटून निघाले. मुद्दाम आपटलं.

चौकशीची खोली लांबट होती. टेबलामागे तिघं, मध्ये अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांच्या, स्वतः दंतवैद्य. एका बाजूला आमचे दंतवैद्य, इस्त्रीच्या शर्टात. मागच्या रांगेत नालवाले साहेब. विद्यापीठाचा एक कारकून कोऱ्या प्रमाणपत्राचा नमुना घेऊन आला होता. आई माझा हात इतका घट्ट धरून बसली होती की बोटं बधिर झाली.

मामाने दिवा मागितला. भिंग स्वतःचं आणलं होतं. त्याने प्रमाणपत्र डावीकडे कलवलं, बघितलं, आणि खाली ठेवलं.

"टिकली खरी आहे," तो म्हणाला. "माझ्या हातची आहे."

आईचा हात सुटला. मागे साहेबांची खुर्ची करकरली. माझा नवरा हसला, बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून. स्वतःचे त्याने छान राखले होते. मी मामाकडे पाहिलंही नाही. मनात म्हटलं, हा माणूस माझ्यासाठी मेला.

"म्हणजे प्रमाणपत्र खरं," अध्यक्षबाई लेखणी उचलत म्हणाल्या.

"थांबा," मामा म्हणाला. "कोणी हलू नका."

इतक्या वर्षांचा तो आवाज. अध्यक्षबाईंची लेखणी हवेतच राहिली. कारकून अर्धवट वाकलेला तसाच थांबला. मामाने प्रमाणपत्र उचललं आणि या वेळी उजवीकडे कलवलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंग अध्यक्षबाईंच्या हातात दिलं.

"उजव्या पानावर काय दिसतं?"

"काळा पट्टा आहे," त्या म्हणाल्या. "आडवा."

"आता विद्यापीठाचा नमुना बघा. तसाच कलवून."

त्यांनी पाहिला. "यावर नाही."

"तो पट्टा म्हणजे आमच्या साहेबांचं पाऊल," मामा म्हणाला. कोणीतरी हसलं. मामा हसला नाही. "पहिला ठसा घेताना ते दाराबाहेरून गेले. पुस्तकाचं उजवं पान एवढंसं हललं. हललेलं उमटत नाही, तिथे काळं होतं. मी तो ठसा रद्द केला आणि दुसरा घेतला. विद्यापीठाला गेल्या त्या टिकल्या दुसऱ्या ठशाच्या. पहिल्याची एकही गेली नाही. वर घाई होती, माझा होकार यायच्या आधी त्यांनी पहिल्याचा साचा करून दिवसभर छापल्या. त्या टिकल्यांचे रोल यंत्रात घालून फाडायचे होते. ही टिकली त्या रोलची आहे. टिकली खरी आहे, पण ती कोणत्याही खऱ्या प्रमाणपत्रावर असूच शकत नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. हसू तोंडावर तसंच होतं, पण त्याच्यामागे कोणी उरलं नव्हतं.

"रोल फाडले नाहीत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नोंदवहीत फाडलेत. 'माझ्या समक्ष नष्ट केले' असं लिहिलंय. खाली सही माझी आहे."

"तुमच्या समक्ष?"

"मी आत होतो," मामा म्हणाला. "लाल दिवा लागला होता. त्यांनी वही दाराखालून सरकवली. मी सही केली आणि परत सरकवली. उठून बघायला गेलो असतो तर परत वीस मिनिटं थांबावं लागलं असतं. या पोराने ती टिकली कोणाकडून घेतली ते मला माहीत नाही. पण बाहेर पडली ती माझ्या सहीने."

हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. नुसता पट्टा दाखवून तो बसू शकला असता. साहेबांनी केव्हाच मान खाली घातली होती.

टेबलावरचे दुसरे गृहस्थ कागद चाळत होते. त्यांनी मान वर केली. "लग्नाआधी हेच प्रमाणपत्र तुम्ही तपासलं होतं ना? तेव्हा पट्टा दिसला नाही?"

मामाचे हात टेबलावर होते आणि ते थरथरत होते. ते हात मी थरथरताना कधी पाहिले नव्हते.

"माझी खूण डावीकडून दिसते," तो म्हणाला. "ती दिसली. फार बरं वाटलं. मग उजवीकडून बघितलंच नाही."

निकाल महिन्याभराने आला. दवाखान्याला कुलूप लागलं, पोलिसांनी आमच्या दंतवैद्यांचा ताबा घेतला, मी मोकळी झाले. विद्यापीठाने टिकलीचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं. तिथल्या खोलीबाहेर म्हणे गालिचा आहे. मामाला कारखान्याने काढलं. बत्तीस वर्षांनंतर निरोपसमारंभ नाही, हार नाही, भाषण नाही, एवढं एक सुख त्याला मिळालं. साहेब अजून तिथेच आहेत. लाल दिवाही आहे, पण आता ठसे संगणकावर होतात आणि कोणी पाय आपटला तरी चालतं, म्हणजे साहेबांची सोय झाली.

पण मला सांगायचंय ते साक्षीच्या दिवसाचं. आम्ही बाहेर आलो. आई रिक्षा बघायला पुढे गेली. मामा इमारतीच्या पायरीवर बसला, मी शेजारी बसले. सकाळी ज्याला मनातून काढून टाकलं, त्याच्या शेजारी बसून बोलायची रीत मला कोणी शिकवली नव्हती.

"तू सहीचं कशाला सांगितलंस?" मी शेवटी म्हणाले. "पट्ट्यावरच भागलं असतं."

"तुझं भागलं असतं."

"मग?"

"तुला मी त्याच्या हाती दिलं, भाचीबाई," मामा म्हणाला. "त्या दिवशी डावीकडून बघून दिलं. आज परत अर्धंच दाखवायचं?"

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. या माणसाने माझं वर्ष वाया घालवलं होतं. आणि हाच माणूस स्वतःची नोकरी, नाव, बत्तीस वर्षं, सगळं त्या टेबलावर ठेवून आला होता. मी डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं.

"मी तरी कुठे बघितलं," मी म्हणाले. "तो हसला आणि मी हो म्हटलं. तुझ्याकडे भिंग तरी होतं."

मामा हसला, खूप दिवसांनी, तोंड भरून. मी त्याच्या उजवीकडे बसले होते. तिथे दात नव्हता.